वाचक विचारतात : फुटबॉलपटू जॉर्ज कूल्टहार्ड

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी मेलबर्नला असतो. तिथल्या प्रसिद्ध क्रिकेट मैदानावर हिवाळ्यात क्रिकेट नसते, तर 'फूटी' नावाचा खेळ चालतो आणि मोठ्या सामन्यांना ऐंशी-नव्वद हजार लोक जमतात, असे तो सांगतो. त्याच्या घरमालकांनी त्याला जॉर्ज कूल्टहार्ड या जुन्या खेळाडूचे नाव सांगितले. "हा आमच्या कार्लटनचा मोठा फुटबॉलपटू, पण तुम्हा क्रिकेटवाल्यांना तो माहीत असलाच तर एका धावबादपुरता," असे ते म्हणाले. रेल्वेच्या नोकरीत मी भुसावळच्या मैदानावर वीस वर्षे क्रिकेट खेळलो, पण हे नाव कधी कानावर आले नाही. हा माणूस कोण होता?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : आपल्या मुलाच्या घरमालकांची तक्रार रास्त आहे. जॉर्ज कूल्टहार्ड याचा जन्म १ ऑगस्ट १८५६ रोजी मेलबर्नजवळच्या बोरुंडारा भागात झाला आणि २२ ऑक्टोबर १८८३ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. एवढ्या लहान आयुष्यात तो आपल्या व्हिक्टोरिया वसाहतीतला अव्वल फुटबॉलपटू मानला गेला, कसोटी सामन्यात पंच म्हणून उभा राहिला, त्यानंतर कसोटी सामना खेळलाही, आणि मधल्या काळात सिडनीच्या एका दंगलीचे निमित्त ठरला. यांपैकी फुटबॉल, म्हणजे आपल्या मुलाने सांगितलेली 'फूटी', हा त्याचा खरा प्रांत होता. तरीही ग्रंथांत आणि आकडेवारीत तो टिकून आहे तो प्रामुख्याने क्रिकेटमुळे. कारण क्रिकेट इंग्लंडात वाचले जाई, आणि इंग्लंडात जे वाचले जाई ते आपल्यापर्यंतही येई. व्हिक्टोरियातला फुटबॉल मात्र त्या वसाहतीची वेस ओलांडून फारसा बाहेर गेला नव्हता.

कार्लटन हा मेलबर्नच्या उत्तरेकडील उपनगराचा क्लब १८६४ मध्ये स्थापन झाला होता. १८७७ मध्ये निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन ही संघटना उभी केली आणि तिच्या पहिल्याच हंगामाचे विजेतेपद कार्लटनने पटकावले. कूल्टहार्ड तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता आणि त्या संघाचा कणा होता. पुढील काही हंगामांत गोल करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी राहिले. हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या काळी सामन्याचा निकाल केवळ गोलांवर लागे आणि एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून तीन-चार गोल झाले तरी पुष्कळ झाले असे मानत. आजच्या सामन्यात एकेक संघ शंभरापर्यंत गुण करतो, कारण १८९७ पासून मुख्य खांबांच्या बाजूने गेलेल्या चेंडूलाही एक गुण आणि गोलाला सहा गुण मिळू लागले. त्यामुळे कूल्टहार्डचे गोल आजच्या मापाने मोजणे म्हणजे जुन्या शेरा-पायलीचा हिशेब आजच्या किलोच्या काट्यावर पडताळण्यासारखे होईल.

१८७७ च्या जूनमध्ये कार्लटनचा संघ सिडनीला गेला. तिथल्या वाराता क्लबशी एक सामना रग्बीच्या नियमांनी आणि दुसरा व्हिक्टोरियन नियमांनी खेळायचे ठरले होते. पहिला सिडनीकरांनी जिंकला, दुसरा कार्लटनने. आणि ज्याच्या घरचे नियम त्याचा विजय, एवढेच त्यातून सिद्ध झाले. याच मुक्कामात सिडनीच्या बंदरात होडीतून मासेमारीला गेला असता कूल्टहार्डला एका शार्कने पाण्यात ओढले आणि तो कसाबसा वाचला, अशी हकिगत त्याच्या चरित्रात हमखास सांगितली जाते. सिडनी त्याला मानवत नव्हती, असे पुढचा प्रकार वाचल्यावर आपणही म्हणाल.

प्रश्न : या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण चित्रांत तर खेळाडू चेंडू हातात घेऊन पळताना दिसतात. मग हा रग्बी आहे का? आणि क्रिकेटच्या मैदानावर कशासाठी?
— एक शिक्षिका, धुळे

उत्तर : हा रग्बी नव्हे, मात्र रग्बी पाहिलेल्या माणसाने त्याची मांडणी केली, हे खरे. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नामवंत क्रिकेटपटू इंग्लंडातील रग्बी स्कूलमध्ये शिकून परतला होता. हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावतात, त्यांचे अंग मोकळे राहावे म्हणून एक फुटबॉल क्लब काढून त्याचे नियम ठरवावेत, असे पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये एका क्रीडा नियतकालिकात छापले. ७ ऑगस्ट १८५८ रोजी मेलबर्नमधील स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांमध्ये एक सामना सुरू झाला, त्याला पंच म्हणून विल्स स्वतः आणि डॉ. जॉन मॅकॅडम उभे होते. (महागड्या चॉकलेटांत जे मॅकॅडेमिया नावाचे दाणे असतात, त्यांना याच डॉक्टरांचे नाव दिलेले आहे.) दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मुले होती आणि तीन वेगवेगळ्या दिवशी खेळूनही दोन्ही बाजूंचा एकेकच गोल झाला, म्हणून सामना बरोबरीत सोडला. पुढे १७ मे १८५९ रोजी विल्स आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी मेलबर्न क्लबसाठी दहा नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम १८६३ चे आहेत. म्हणजे ज्याला आपण फुटबॉल म्हणतो त्याहून हा खेळ कागदावर चार वर्षांनी मोठा आहे.

या खेळाचा जीव झेलात आहे. सहकाऱ्याने पायाने मारलेला चेंडू दुसऱ्याने हवेतच स्वच्छ झेलला, की त्याला 'मार्क' मिळतो. मग त्याला कोणी धरू शकत नाही आणि तो शांतपणे नेम धरून पुन्हा चेंडू मारू शकतो. म्हणून उंच उडी मारून, प्रसंगी प्रतिस्पर्ध्याच्या पाठीचा आधार घेऊन झेलणारा खेळाडू प्रेक्षकांचा लाडका असतो. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण १८६६ पासून असा दंडक आहे की काही पावलांनंतर तो जमिनीवर टप्पा देऊन पुन्हा उचलला पाहिजे. चेंडू लांबट असल्याने टप्पा सरळ हातात येईलच याचा भरवसा नसतो. तो नेमक्या कोनात आपटून, वेग न मोडता पुन्हा हातात घेण्यात खरे कसब आहे, आणि मुलांना हा खेळ शिकवताना बराच वेळ त्यातच जातो. चेंडू फेकण्यास मनाई आहे, त्याला मूठ मारावी लागते. ऑफसाइड हा प्रकार नाहीच. त्यामुळे मैदानभर कोणी कुठेही उभा राहू शकतो.

मैदानाचे उत्तर विल्सच्या पत्रातच आहे. खेळणारे क्रिकेटचेच, मैदानेही त्यांचीच. सुरुवातीला क्रिकेट क्लब आपली हिरवळ तुडवू देत नसत, म्हणून शेजारच्या मोकळ्या कुरणात सामने होत. पुढे गर्दी वाढली, तिकिटांचा पैसा दिसू लागला आणि हिरवळीबद्दलची माया कमी झाली. १८७९ मध्ये तर मेलबर्नच्या मैदानावर विजेच्या दिव्यांच्या उजेडात रात्रीचे सामने खेळवण्याचा प्रयोगही झाला. कूल्टहार्डच्या काळी एका बाजूला वीस खेळाडू असत, आज अठरा असतात.

प्रश्न : त्याला या खेळाचे मानधन मिळत असे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चोपडा

उत्तर : उघडपणे नाही. संघटनेच्या लेखी फुटबॉल हा हौशी खेळ होता. त्याच्या पोटापाण्याची सोय क्रिकेटने केली. मेलबर्न क्रिकेट क्लबने त्याला मैदानावरचा गोलंदाज म्हणून नोकरीस ठेवले होते. क्लबच्या सभासदांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकायचे आणि मैदानावर पडेल ते काम करायचे, असे या नोकरीचे स्वरूप असे. म्हणजे शनिवारी ज्याच्या नावाने हजारो लोक ओरडत, तोच सोमवारी वकील आणि व्यापारी मंडळींच्या बॅटीवर चेंडू टाकीत असे. पंचगिरीही त्याला याच नोकरीतून मिळाली.

प्रश्न : मूळ प्रश्नातील 'एका धावबाद'विषयी सविस्तर लिहावे. निर्णय बरोबर होता की चूक?
— एक क्रिकेटप्रेमी, शिरपूर

उत्तर : १८७८-७९ च्या हंगामात लॉर्ड हॅरिस यांचा इंग्लिश संघ ऑस्ट्रेलियात आला. २ जानेवारी १८७९ रोजी मेलबर्नला सुरू झालेल्या कसोटी सामन्यात कूल्टहार्ड पंच होता आणि त्याचे वय होते २२ वर्षे १५४ दिवस. कसोटीत पंच म्हणून उभ्या राहिलेल्यांत सर्वांत लहान म्हणून त्याचीच नोंद सांगतात. फ्रेड स्पॉफर्थने कसोटी क्रिकेटमधली पहिली हॅट्ट्रिक केली ती याच सामन्यात. हॅरिस यांना हा तरुण पसंत पडला असावा, कारण पुढे सिडनीला न्यू साउथ वेल्सविरुद्ध खेळायला जाताना त्यांनी आपल्या बाजूचा पंच म्हणून त्यालाच बरोबर नेले. तेव्हा दोन्ही संघ एकेक पंच आणीत. यजमानांच्या बाजूने उभे होते एडमंड बार्टन, जे १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान झाले.

इथे एक गोष्ट इंग्लंडच्या ध्यानात आली नाही. त्यांच्या लेखी कूल्टहार्ड हा 'ऑस्ट्रेलियन', म्हणजे स्थानिकच. पण १८७९ मध्ये ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र नव्हते. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन स्वतंत्र वसाहती होत्या आणि त्यांच्यातून विस्तव जात नसे. सिडनीकरांच्या दृष्टीने हा पंच इंग्रजांहूनही वाईट, म्हणजे मेलबर्नचा होता. इंग्लंडने पहिल्या डावात २६७ धावा केल्या. हॅरिस फलंदाजी करीत असताना त्यांच्याविरुद्धचे झेलाचे अपील कूल्टहार्डने फेटाळले, त्यावर सिडनीच्या एका वृत्तपत्राने आधीच खडे फोडले होते. उत्तरादाखल न्यू साउथ वेल्सचा डाव १७७ धावांत आटोपला. त्यात बिली मर्डॉक हा सलामीवीर ८२ धावांवर नाबाद राहिला. फॉलोऑन मिळाला. ८ फेब्रुवारी, शनिवार. मैदानात सुमारे दहा हजार लोक, आणि त्यांच्यात यजमानांवर पैसे लावलेले सट्टेबाज पुष्कळ. दुसऱ्या डावात मर्डॉक १० धावांवर असताना धाव घेताना परतीच्या रेषेशी आला, यष्टी पडली आणि कूल्टहार्डने त्याला बाद दिले.

मर्डॉक तंबूकडे चालू लागला. पण तंबूतून पुढचा फलंदाज बाहेर आला नाही. कर्णधार डेव्ह ग्रेगरी यांनी पंच बदलण्याची मागणी केली, हॅरिस यांनी ती नाकारली, आणि ही बोलणी चालू असतानाच कुंपण ओलांडून सुमारे दोन हजारांचा जमाव मैदानात घुसला. हॅरिस पंचाला वाचवायला धावले तेव्हा त्यांच्या अंगावर काठीचा तडाखा बसला. त्यांचा सहकारी हॉर्नबी याने मारणाऱ्याला जागच्या जागी पकडले आणि अंगावरचा सदरा फाटेपर्यंत ओढत तंबूत नेले. मैदान रिकामे झाले की लोक पुन्हा घुसत. त्या दिवशी पुढे खेळ होऊ शकला नाही. रविवारची सुट्टी गेली, पाऊस पडला, आणि सोमवारी ओल्या खेळपट्टीवर यजमानांचा डाव ४९ धावांत संपला. एक डाव आणि ४१ धावांनी इंग्लंड जिंकले. ऑस्ट्रेलियाच्या संघाविरुद्ध ठरलेला पुढचा सामना हॅरिस यांनी रद्द केला, आणि झाल्या प्रकाराविषयी त्यांनी लिहिलेले खरमरीत पत्र लंडनच्या वृत्तपत्रांत छापले गेले. कूल्टहार्डचे नाव इंग्लंडात पोहोचले ते असे.

निर्णय बरोबर होता का, याविषयी सर्वांत वजनदार साक्ष बार्टन यांची आहे. ते यजमानांचे पंच होते, सिडनीकर होते आणि मैदानावर होते. त्यांनी कूल्टहार्डची बाजू घेतली. मला स्वतःला त्यापलीकडे जाण्याचे कारण दिसत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावी यात्रेनिमित्त कबड्डीचे सामने होते आणि दोन्ही गावांना नको म्हणून त्रयस्थ पंच हवा, अशा हेतूने मला जळगावहून बोलावले होते. शेवटच्या चढाईत गड्याचा पाय रेषेबाहेर पडला, मी हात वर केला, आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी शोध लावला की माझे आजोळ समोरच्या संघाच्या गावचे आहे. पायाविषयी मग कोणी बोललेच नाही. चर्चा झाली ती माझ्या मामांविषयी. मला चहा पाजून गुपचूप मोटारसायकलवर बसवून देण्यात आले. कूल्टहार्डच्या वाट्याला मोटारसायकल नव्हती. सोमवारी त्याला त्याच लोकांसमोर पुन्हा उभे राहावे लागले.

प्रश्न : हे लॉर्ड हॅरिस म्हणजे मुंबईच्या शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डचे हॅरिस का?
— एक पालक, नंदुरबार

उत्तर : होय, तेच. १८९० ते १८९५ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्या वेळी आपला सगळा खानदेश हा धुळे येथे कचेरी असलेला एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी १९०६ ची. म्हणजे सिडनीच्या जमावाची काठी खाल्लेल्या माणसाच्या नावाने आपल्या पणजोबांच्या काळी हुकूम निघत. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती हॅरिस शील्डच्याच सामन्यात. गव्हर्नर म्हणून हॅरिस यांची कारकीर्द मात्र वादाची ठरली. मैदानावर युरोपियनांच्या पोलोमुळे क्रिकेट खेळणाऱ्या देशी तरुणांची अडचण होई. त्यांच्या अर्जांना हॅरिस यांनी फारशी दाद दिली नाही, पुढे समुद्राकाठी निरनिराळ्या जिमखान्यांना जागा दिल्या. १८९३ च्या मुंबईतील दंगलीत तर ते बरेच दिवस पुण्यातून हललेच नाहीत, म्हणून त्यांच्यावर टीका झाली.

प्रश्न : कूल्टहार्डची कारकीर्द इतक्या लवकर का संपली?
— एक वाचक, यावल

उत्तर : दोन कारणांनी. पहिले कारण शिस्तीचे. दंगलीनंतर तो मेलबर्नला परतला आणि त्याचा फुटबॉल पूर्वीसारखाच चालू राहिला. फेब्रुवारी १८८२ मध्ये सिडनीच्या त्याच मैदानावर तो इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळला. सर्वांत शेवटी फलंदाजीस येऊन त्याने नाबाद ६ धावा केल्या, गोलंदाजी त्याला दिलीच नाही, आणि ऑस्ट्रेलिया पाच गडी राखून जिंकली. तो त्याचा एकमेव कसोटी सामना. एकदाही बाद न झाल्याने त्याची कसोटीतील सरासरी काढताच येत नाही. आधी कसोटीत पंच आणि मग खेळाडू, हा क्रम फारच दुर्मिळ आहे; बहुतेकांचा उलटा असतो. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात फुटबॉलच्या एका सामन्यात एका प्रतिस्पर्ध्याशी त्याची हातापायी झाली आणि संघटनेने दोघांनाही निलंबित केले. कार्लटनच्या गडद निळ्या गणवेशात त्याला लोकांनी पुन्हा पाहिले नाही.

दुसरे कारण क्षयाचे. निलंबन संपायचे तोवर त्याचे शरीर आतून पोखरले गेले होते. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे कूल्टहार्डच्या कसोटीनंतर महिनाभराने. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडले नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला आणखी साठ वर्षे होती. चांगली हवा, समुद्रप्रवास आणि दूध-अंडी यांपलीकडे डॉक्टरांपाशी सांगण्यासारखे काही नसे. खानदेशातही जुन्या पिढीतील लोक 'क्षय झाला' असे न म्हणता 'अंगात ताप मुरला' असे आडून म्हणत, ते याच असहायतेतून.

प्रश्न : दिवाळीनंतर मी मुलाकडे मेलबर्नला जाणार आहे. या विषयातले तिथे काय पाहावे?
— पहिला प्रश्न विचारणारे भुसावळचे तेच वाचक

उत्तर : दिवाळीनंतर तिथे उन्हाळा असतो, म्हणून फूटीचा सामना मिळणार नाही, तो हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपतो. मेलबर्न क्रिकेट मैदानातच खेळांचे संग्रहालय आहे, ते पाहण्यास अर्धा दिवस ठेवावा. मैदानाबाहेर टॉम विल्सचा पुतळा आहे. त्यात तो खेळताना दाखवलेला नाही. दोन मुले चेंडूसाठी झुंजत आहेत आणि तो पंच म्हणून शेजारी उभा आहे. जमल्यास मुलाच्या घरमालकांनाही बरोबर न्यावे, आणि त्यांच्या कार्लटनच्या माणसाविषयी आता भुसावळातही माहिती आहे असे त्यांना सांगावे.